स्कोपवर किती डॉलर घालवायचे?

ऑक्टोबर संपत आलाय. दिवाळीचे डबे अजून रिकामे झालेले नाहीत आणि इकडे विस्कॉन्सिनमध्ये दुकानांतून भगव्या रंगाची जाकिटं लटकायला लागली आहेत. नवीन आलेल्यांना वाटतं, हे आपल्या स्वागतासाठी आहे की काय! तसं नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो, त्याची ही तयारी. जंगलात माणूस माणसाला दिसावा म्हणून कमरेच्या वरचे निम्मे तरी बाह्य कपडे त्या भडक भगव्या नाहीतर भडक गुलाबी रंगाचे असावे लागतात.

आजचा विषय आपल्या कार्यक्रमात पहिल्यांदाच येतोय. शिकारीच्या रायफलवर जो स्कोप बसवतात, त्यावर किती पैसे खर्च करायचे? काही जणांना हा विषयच आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्याच घरात आवडला नव्हता. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळातल्या चार-पाच जणांनी मला फोन करून हेच विचारलं. कुणाचा मुलगा शाळेतल्या मित्रांबरोबर जाऊ लागलाय, कुणाला ऑफिसातले लोक बोलावतात. तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

आम्ही मॅडिसनपासून तासाभरावर राहतो. शेजारी सत्तरीतले एक शेतकरी आहेत. त्यांच्या मक्याच्या शेतामागे ओकचं जंगल आहे. त्यांच्याबरोबर जाऊन जाऊन मलाही शिकारीची गोडी लागली. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे लायसन्स घ्यायचं तर साधारणपणे हा कोर्स लागतोच. मग एक रायफल घेतली, थ्री-झिरो-एट, स्कोप बसवलेलीच. दोन्ही एकाच खोक्यात, पाचशे डॉलरच्या आत. त्यातला स्कोप सुटा घेतला असता तर साठ-सत्तर डॉलरचा असेल. मी खूश. इंजिनिअर माणूस, पैसे वाचवले म्हणून बायकोसमोर कॉलर ताठ.

दोन वर्षांपूर्वीच्या सीझनमध्ये, तिसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला एक मादी शेताच्या कडेला आली. सत्तर यार्ड असेल फार तर. मी नेम धरला, चाप ओढला. हरीण उडालं आणि झाडीत शिरलं. जाऊन पाहिलं तर पानांवर रक्त होतं, पण थोडं, आणि गडद. शेजारी म्हणाले, गोळी मागे लागलीय, पोटात. टॉर्च घेऊन आम्ही रात्री अकरापर्यंत माग काढला. सापडलं नाही. सकाळी सापडलं तेव्हा कायोटींनी अर्धं खाल्लेलं होतं.

त्या वर्षी माझी आई सातारहून आली होती. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कधी चुकवलेली नाही. रात्री मी घरात आलो तेव्हा ती जागीच होती. तिने विचारलं, "गेलं का रे ते?" मी म्हटलं, "सापडलं नाही, आई." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मारू नकोस म्हटलं होतं, ऐकलं नाहीस. आता निदान त्याचे हाल तरी करू नकोस."

मंडळी, स्कोपवर किती खर्च करायचा या प्रश्नाचं उत्तर मला त्या एका वाक्यात मिळालं. पण ते समजायला वर्ष गेलं. कारण आधी मी भलतीकडेच धावलो.

दुसऱ्याच शनिवारी मी दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं, नेम चुकला, चांगला स्कोप दे. त्याने काढला चौदाशे डॉलरचा. काच अशी की दुकानाच्या पार त्या टोकाच्या भिंतीवरची पाटी वाचता यावी. वर त्याने एक नियमही ऐकवला, जो इथे सगळेच ऐकवतात: रायफलला जेवढे पैसे, तेवढे तरी स्कोपला घाला, जमलं तर दुप्पट. मी कार्ड काढणारच होतो. मनात अपराधीपण असलं की पाकीट लवकर उघडतं. हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव असेल.

सुदैवाने बायकोचा फोन आला. ती म्हणाली, "चौदाशे? आधी नेम का चुकला ते शोधा." मी तसाच परत आलो.

रायफल घेऊन शेजाऱ्यांच्या शेडमध्ये गेलो. त्यांनी स्कोप हातात धरला आणि हलकेच पिळला. तो हलला! स्कोप ज्या दोन कड्यांत बसतो, त्या रिंग्जचे स्क्रू ढिले होते. कारखान्यातून आले तसेच मी वापरले होते, कधी तपासले नव्हते. घरी येऊन मी हिशोब मांडला. दोन रिंग्जमध्ये अंतर पाचेक इंच. स्कोपचं एक टोक माणसाच्या केसाच्या जाडीइतकं सरकलं, तर शंभर यार्डांवर गोळी दोनेक इंच बाजूला जाते. माझा तर त्याहून जास्त सरकत होता. व्हाइटटेल हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण आठ इंच रुंद, म्हणजे जेवणाच्या लहान ताटलीएवढी. मध्यापासून चार इंच इकडेतिकडे गेलं की काय होतं, ते मी पाहिलं होतं.

म्हणजे चौदाशेचा स्कोप मी त्याच ढिल्या रिंग्जमध्ये बसवला असता, तर पुढच्या वर्षीही तेच झालं असतं.

मग तो सत्तरचा स्कोप निर्दोष होता का? नव्हता. रिंग्ज नीट घट्ट करून आम्ही रेंजवर त्याची परीक्षा घेतली. ही परीक्षा तुम्हीही घ्या, तिला बॉक्स टेस्ट म्हणतात. कागदावर मधोमध नेम धरून गोळी मारायची. मग स्कोपचा नॉब वीस क्लिक उजवीकडे फिरवायचा, नेम त्याच जागी धरून पुन्हा मारायची. मग वीस क्लिक खाली, वीस डावीकडे, वीस वर. बहुतेक स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच, त्यामुळे वीस क्लिक म्हणजे पाच इंच. कागदावर चौकोन उमटायला हवा आणि शेवटची गोळी पहिल्या गोळीपाशी परत यायला हवी. माझ्या स्कोपने जो आकार काढला, तो पाहून मुलगा म्हणाला, "बाबा, हा तर आजीच्या पहिल्या चपातीसारखा नकाशा झाला." शेवटची गोळी पहिलीपासून तीन इंचांवर. नॉब फिरवला की आतली भिंगं सांगितल्या जागी जात नव्हती. असा स्कोप फुकट मिळाला तरी महाग.

तेव्हा खालची मर्यादा अशी ठरली: बॉक्स टेस्टमध्ये नापास होणारा स्कोप नको. आता वरची मर्यादा कुठे ठेवायची?

इथे तीन प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला, तुम्ही किती अंतरावरून मारणार? आमच्याकडे जंगल दाट. मी बसतो तिथून दीडशे यार्डांपलीकडे झाडंच दिसतात. वायोमिंगच्या माळरानावर किंवा पश्चिम टेक्ससमध्ये शिकार करणाऱ्याचं वेगळं, तिथे तीनशे यार्ड सहज होतात, आणि तिथे अंतर मोजून नॉब फिरवणारे महागडे स्कोप कामाला येतात. पण विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात तीन ते नऊ पटीचा साधा स्कोप भरपूर होतो. नऊ पटीवर शंभर यार्डांवरचं हरीण अकरा यार्डांवर असल्यासारखं दिसतं. याहून जवळ आणून करायचंय काय?

दुसरा प्रश्न, उजेड किती असणार? शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या थोडी आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात संपते. नेमकी मिनिटं दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत असतात, ती पाहूनच जा. हरणं नेमकी याच संधिप्रकाशात बाहेर पडतात. महाग काच इथेच उपयोगी पडते, हे खरं. पण एक फुकटची युक्ती आधी ऐका. खोक्यावर तीन-नऊ गुणिले चाळीस असं लिहिलेलं असतं. त्यातले चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. या चाळीसला तुम्ही लावलेल्या पटीने भागा. नऊ पटीवर साडेचारच्या आसपास येतात. सहा पटीवर साडेसहाच्या वर. स्कोपमधून तुमच्या डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही रुंदी. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी नऊवरून सहावर आलात की तोच स्कोप जास्त उजळ दिसतो. एक पैसा न घालवता. आणि आपण पन्नाशीतले असू, तर त्याहून रुंद झोताचा आपल्याला फारसा उपयोगही नाही. मोठ्या पन्नास मिलिमीटर भिंगाचे जादा पैसे आणि जादा वजन कशाला?

काचेवर मात्र एक शब्द बघून घ्या, फुली मल्टिकोटेड. म्हणजे प्रत्येक भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर प्रकाश परत न फिरवणारे थर दिलेले. शिवाय आत नायट्रोजन किंवा अर्गॉन वायू भरून सील केलेला हवा, नाहीतर थंडीतून गाडीच्या उबेत आलं की आतून धुकं धरतं. आणि डोळा स्कोपपासून साडेतीन इंच तरी लांब ठेवता यायला हवा. नाहीतर बार उडाला की स्कोप भुवईवर आपटतो आणि अर्धचंद्राची खूण उमटते. आमच्या ऑफिसात अशा दोन खुणा फिरतात.

या सगळ्या गोष्टी आज अडीचशे ते चारशे डॉलरच्या स्कोपमध्ये मिळतात. ओरेगॉनमधल्या बीव्हर्टनची ल्युपोल्ड असो किंवा आपल्या विस्कॉन्सिनमधल्या बार्नेव्हेल्डची व्होर्टेक्स, या टप्प्यातला माल आयुष्यभराच्या वॉरंटीसह येतो. ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीसारखी काच त्याहून सरस, यात वाद नाही. पण चारशेवरून पंधराशेवर गेल्याने जो फरक पडतो, तो संध्याकाळच्या शेवटच्या काही मिनिटांपुरता. सत्तरवरून तीनशेवर गेल्याने पडणारा फरक प्रत्येक गोळीला असतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. स्कोप घेतल्यावर सरावाला पैसे उरतात का? मी चौदाशे घातले असते तर काडतुसांना हात आखडला असता, आणि मग वर्षाला पाच गोळ्या मारून जंगलात गेलो असतो. तो स्कोप कपाटात शोभला असता. हरणाचे हाल तेच.

म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसलो. मी, बायको आणि पंधरा वर्षांचा मुलगा. त्यालाही यायचं होतं, त्याचाही कोर्स झाला होता. रायफल सोडून एकूण सातशे डॉलर, असं ठरलं. त्याची वाटणी सांगतो, लिहून घ्या.

स्कोप, तीनशे. चांगल्या रिंग्ज आणि बेस, साठ. स्क्रू मापात आवळायचा टॉर्क ड्रायव्हर, चाळीस. रिंग्जचे स्क्रू साधारण पंधरा ते वीस इंच-पाउंडांवर आवळतात, पण तुमच्या रिंग्जच्या कागदावर जो आकडा असेल तोच खरा. ढिलं तर नकोच, पण जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते. गळ्यात अडकवायची दुर्बीण, दीडशे. काडतुसांचे चार डबे, एकशेवीस. रेंजची फी, तीस. झाले सातशे.

दुर्बिणीवरून बायकोने विचारलं, "स्कोपमधून दिसतं ना? मग वेगळी दुर्बीण कशाला?" प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर महत्त्वाचं आहे. स्कोपमधून पाहायचं म्हणजे नळी त्या दिशेला रोखायची. झाडीत हललेलं ते हरीण आहे की शेजाऱ्याचा मुलगा, हे ओळखण्यासाठी त्याच्यावर रायफल रोखायची? कधीच नाही. आधी दुर्बिणीने ओळखायचं, खात्री झाली की मगच रायफल उचलायची. पैसे कमी असतील तर स्कोप शंभर डॉलरने स्वस्त घ्या, पण दुर्बीण घ्याच.

सप्टेंबरपासून आम्ही दर दुसऱ्या रविवारी रेंजवर गेलो. आधी पंचवीस यार्डांवर नेम जुळवला, मग शंभरवर. बाकावरून जमलं की मग जमिनीवर बसून, गुडघ्यावर टेकून, काठीच्या आधाराने. बाकावर सगळेच अर्जुन असतात! बसून मारायला लागल्यावर माझ्या पाचातल्या दोन गोळ्या ताटलीबाहेर. नोव्हेंबरपर्यंत पाचही आत यायला लागल्या, पण शंभर यार्डांपर्यंतच. तेव्हा नियम केला: शंभरच्या पुढे चाप ओढायचा नाही. स्कोप तीनशे यार्डांचा असेल, आपण शंभरचे आहोत.

गेल्या सीझनच्या पहिल्या शनिवारी मुलगा आणि मी मचाणावर बसलो. रायफल एकच, त्याच्याकडे. मी नुसती दुर्बीण घेऊन. दिवसभर काही नाही, पायांची बोटं बधिर. वेळ संपायला सहा-सात मिनिटं असताना एक नर आला, चांगली मोठी शिंगं. ऐंशी यार्ड. मुलाने रायफल उचलली. मी श्वास रोखून बसलो. तो पाहत राहिला, पाहत राहिला, आणि मग सेफ्टी लावून रायफल खाली घेतली. कुजबुजला, "बाबा, पुढच्या पायामागची रेघ नीट दिसत नाहीये. फांदी आहे का सावली, कळत नाही." हरीण सावकाश निघून गेलं.

पंधराशेच्या काचेतून ती फांदी दिसली असती का? कदाचित दिसली असती. हे मी लपवत नाही. पण आमच्या सातशेच्या हिशोबात जे सगळ्यात मोलाचं होतं ते त्या दिवशी कामाला आलं: न दिसलेल्यावर गोळी झाडायची नाही, हे त्याला सरावाने कळलं होतं.

रात्री साताऱ्याला फोन लावला. तिथे सकाळ झाली होती. आईने विचारलं, "मिळालं का रे पोराला?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फोन दे त्याला." दोघांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. फोन ठेवून तो जेवायला बसला आणि दोन वाट्या आमटी जास्त प्यायला. पुढच्या बुधवारी सकाळी, चांगल्या उजेडात, त्याने पंचावन्न यार्डांवरून एक मादी मारली. चाळीस पावलांत खाली पडली. निम्मं मांस शेजाऱ्यांना दिलं, निम्म्याचा बायकोने कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. आईला तेही सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

जाता जाता दोन गोष्टी, कारण यात आपली माणसं अडकू शकतात.

एक. तुम्ही एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघीय कायद्याने साधारणपणे मनाई आहे. वैध शिकार-लायसन्ससारखे काही अपवाद आहेत, पण मित्राने सांगितलं म्हणून त्यावर विसंबू नका. रेंजवर नुसती मित्राची रायफल हातात घेण्याआधीही इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची आडकाठी नाही, पण राज्याचे नियम त्यांनाही आहेतच.

दोन. माझ्या चुलतभावाने गावाहून निरोप पाठवला, "उसात रानडुकरं शिरतात, तुझा जुना स्कोप येताना घेऊन ये." नेऊ नका, मंडळी. बंदुकीचा स्कोप अमेरिकेबाहेर नेण्यावर निर्यातीचे निर्बंध आहेत, आणि बॅगेत टाकलेली साधी नळी महागात पडेल. शिवाय भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे जायचं, हाच रस्ता.

आणि तो सत्तरचा स्कोप? फेकला नाही. गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलाय. कुणी मला विचारायला आलं की मी आधी तो हातात देतो आणि म्हणतो, रिंग्ज तपासल्यात का? मग दुकानात जा.

तुमच्या मुलांना या सीझनला जायचं असेल तर त्यांना जरूर पाठवा किंवा पाठवू नका, ते तुमच्या घराने ठरवावं. पण पाठवणार असाल, तर टेबलावर कागद घेऊन त्यांच्यासोबत बसा. सरावाचा आकडा आधी लिहा, स्कोपचा नंतर.

जंगलाच्या वाटेने फिरायला जाणाऱ्यांनीही त्या नऊ दिवसांत भगवं जाकीट घाला, कुत्र्यालाही घाला. पुन्हा भेटू. नमस्कार.